पूजेच्या दिवशी मशीन कुणी लावलं

गिरीशवर संशय घ्यायला जागा होती, हे गिरीशलाही मान्य होतं. तो स्वतः गिरीश नसता, तर त्यानंही गिरीशवरच घेतला असता.

तंजावरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत अंबामामी स्थळांचं रजिस्टर चालवत. गावातली मराठी घरं मोजकी. त्यातली निम्मी एकमेकांच्या नात्यात आणि उरलेली निम्मी एकमेकांशी बोलत नसलेली. अशा ठिकाणी लग्न जुळवायचं म्हणजे नकाशा लागतो, आणि तो नकाशा मामींकडे होता. आधी तो जाड वह्यांमध्ये होता, मराठी मजकूर पण तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी वाचणारी पिढी केव्हाच फोटोत जाऊन बसली होती. चार वर्षांपूर्वी गिरीशनं तो सगळा कॉम्प्युटरवर चढवला. एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. दोन नावं टाकायची, बटण दाबायचं. दहापैकी किती पोरुत्तम, म्हणजे पत्रिकेतले गुण, जुळतात ते मशीन सांगायचं. सहा आणि वर असतील तर पुढचं बोलणं. सहाच्या खाली असतील तर प्रोग्रॅम लिहायचा, 'स्थळ योग्य नाही.' हे वाक्य गिरीशनंच घातलं होतं. त्या वेळी त्याला ते सभ्य वाटलं होतं.

मागच्या महिन्यात मामींनी गिरीश आणि लक्ष्मीप्रिया अशी दोन नावं टाकली. लक्ष्मीप्रिया कुंभकोणमच्या एका कॉलेजात गणित शिकवायची, आणि ती हसली की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं. गिरीशला ते फार आवडायचं. मशीननं सांगितलं, तीन. स्थळ योग्य नाही. गिरीशनं घरी जाऊन सूत्रं दोनदा तपासली. बरोबर होती. त्या दिवशी त्याला स्वतःच्या प्रामाणिकपणाचा थोडा राग आला, पण त्यानं सूत्रांना हात लावला नाही.

आणि आता दसऱ्यापासून ते मशीन सुरूच होत नव्हतं.

मामींनी मशीनला तीन दिवस सवलत दिली. सरस्वतीपूजेला आराम केल्यावर माणसंसुद्धा दोन दिवस सुस्तावतात, हे तर यंत्र, असा त्यांचा हिशेब. चौथ्या दिवशी त्यांनी फोन हातात घेतला आणि पहिला फोन शेषम्माला केला, दुसरा महालक्ष्मीला, तिसरा वेंकूबाईला. गिरीशला चौथा. पहिल्या तीन फोनमध्ये काय बोलणं झालं ते गिरीशला गल्लीत शिरता शिरताच कळलं, कारण कोपऱ्यावरच्या फुलवालीनं त्याला विचारलं, "काय रे, पत्रिका पुसल्यास म्हणे?"

मामींनी दार उघडलं. कॉफी विचारली नाही. तंजावरात याला आरोपपत्र म्हणतात.

"हे बघ," मामी म्हणाल्या, "मी काही बोलत नाही. तुझं तीन आलं, आणि महिन्याभरात मशीन मेलं. मी काहीच बोलत नाही. दुपारपर्यंत मला दाखव की हे तुझं काम नाही. नाहीतर रजिस्टरातून तुझं पान काढते."

"मशीन बंद असताना कसं काढाल, मामी?"

"वहीतून काढते. वही अजून आहे."

पान निघणं म्हणजे काय ते गिरीशला ठाऊक होतं. एकदा कुठल्याशा चिदंबराचं पान निघालं होतं, खोटी नोकरी सांगितली म्हणून. तो आज एक्केचाळीस वर्षांचा होता आणि दर रविवारी एकटाच मंदिराभोवती फेऱ्या मारायचा. लोक त्याला वळसा घालून जायचे. गिरीश एकोणतीसचा होता. त्याला फेऱ्यांची आवड नव्हती.

तो मशीनसमोर बसला. मामी स्टूल ओढून त्याच्या बरोबर मागे बसल्या.

"हात दिसतील असे ठेव."

"कीबोर्डवर ठेवू की दिसतील असे ठेवू?"

"दोन्ही."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपाळ्यावर भरद्वाजमामा पेपर वाचत होते. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बोलणं कमी. अडतीस वर्षं मामींबरोबर राहून ते त्या कलेत निष्णात झाले होते. गिरीशनं नमस्कार केला तर पेपर किंचित हलला.

मशीनच्या कपाळावर पूजेचं गंध-कुंकू तसंच होतं. वाळलेली शेवंतीची माळ पडद्यावरून लोंबत होती. गिरीशनं ती हळूच बाजूला केली. मामींनी हात बघितले. त्यानं बटण दाबलं. चित्र आलं, चित्राखाली ठिपके आले, ठिपके गोल फिरू लागले आणि फिरतच राहिले. मामी म्हणाल्या, हेच, चार दिवस हेच, मी काल एक वाटी डाळ निवडून होईपर्यंत बघितलं. गिरीशनं एस्केपची कळ दाबली तेव्हा चित्र गेलं आणि मागून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी निघाल्या, जशी पडदा ओढल्यावर स्वयंपाकघरातली माणसं दिसावीत. सगळ्या ओळी झरझर वर गेल्या. शेवटची एकच थांबून राहिली. तिच्या शेजारी लाल चांदण्या इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होत्या.

"काय म्हणतंय?"

"वाट बघतंय."

"कुणाची?"

"ते बघावं लागेल. पण कितीही वेळ थांबीन म्हणतंय."

मामींनी घशातून एक आवाज काढला. या घरात कुणीही कुणासाठी कितीही वेळ थांबत नसे.

गिरीशनं मशीन बंद केलं, पुन्हा लावलं, आणि या वेळी त्याला पुढच्या दारानं न जाता मागच्या दारानं आत घेतलं, म्हणजे दुरुस्तीच्या वाटेनं. काळा पडदा, नुसती अक्षरं. मग त्यानं मामींना समजावलं की मशीन जागं झाल्यापासून झोपेपर्यंत जे जे करतं ते ते एका नोंदवहीत लिहीत जातं, त्याला लॉग म्हणतात. आपण आता ती नोंदवही वाचणार. मामींनी विचारलं, ही नोंदवही कोण लिहितं. गिरीश म्हणाला, मशीनच. मामींनी विचारलं, त्याला कुणी सांगितलं. गिरीशनं कीबोर्ड जवळ ओढला.

आजची नोंद काढली. कारण तिसाव्या ओळीलाच सापडलं. मशीन सगळी कामं नीट करत रजिस्टरच्या डिस्कपाशी येत होतं आणि तिथं थांबत होतं. रजिस्टर मशीनच्या पोटात नव्हतंच. ते बाहेरच्या एका काळ्या डिस्कवर होतं, आणि ती डिस्क मशीनच्या मागे, मामींनी शिवलेल्या रेशमी अभ्र्यात ठेवलेली असे. आंबा रंगाचा अभ्रा, हिरवे काठ. अभ्रा जागेवर होता. फुगलेला होता. वायर त्यात गेलेली होती.

गिरीशनं अभ्रा उचलला. आत चंदनाच्या साबणाचं खोकं होतं. खोक्याला एका बाजूनं ब्लेडनं सुबक चीर पाडली होती आणि वायरचं टोक त्या चिरेत घातलं होतं.

"हे काय?" मामी.

"साबण."

"डिस्क कुठाय?"

"तेच ते चार दिवस विचारतंय."

मामींनी खोकं हातात घेतलं, वास घेतला, चीर बोटानं तपासली. मग त्या सावकाश बोलल्या. अशी चीर पाडायला वायर केवढी जाड असते ते माहीत हवं. या गल्लीत ते माहीत असलेला माणूस एकच आहे. गिरीशनं चीर बघितली. मनातल्या मनात त्यालाही कबूल करावं लागलं की काम नीटनेटकं होतं, आणि त्यानं केलं असतं तर साधारण असंच केलं असतं. क्षणभर त्याला शंकाच आली.

"अर्धा तास द्या, मामी."

"वीस मिनिटं."

त्यानं आतापर्यंत मशीन कधी कधी सुरू झालं त्याची यादी मागवली. प्रत्येक वेळेची एक ओळ: कधी लागलं, कधी बंद झालं. तो खालून वर वाचत गेला. आज सकाळ. काल तीनदा. परवा. दसऱ्याची सकाळ, नऊ चौदा, तिथून पुढं सगळं अडकलेलं. आणि त्याच्या वरची ओळ वाचून गिरीश थांबला. त्यानं तारीख बोटावर मोजली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पुन्हा मोजली.

आता इथं हे सांगायला हवं की सरस्वतीपूजा हा त्या घरात नुसता सण नव्हता, संचारबंदी होती. पुस्तकं, पेनं, मशीनं, विळी, शिवणयंत्र, सगळं देवीपुढं मांडायचं, गंध लावायचं, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. त्या दिवशी मामी दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा वाचत नसत. एका वर्षी त्यांनी त्यामुळे नासकं दूध प्यायलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"मामी," गिरीश म्हणाला, "पूजेच्या दिवशी मशीन कुणी लावलं?"

या आरोपापेक्षा चोरी परवडली असती.

"कुणी नाही."

"चार वाजून सात मिनिटांनी लागलंय. चार एकोणतीसला डिस्क उपटली. चार एकतीसला मशीनच बंद, तेही नीट नाही, वायर ओढून."

"खोटं लिहिलंय."

"लॉग खोटं लिहीत नाही, मामी."

"सगळे असंच म्हणतात. त्याचं घड्याळ बिघडलं असेल. तुझं तीन आल्यापासून तुझंही बिघडलंय."

तेव्हा गिरीशनं नोंदवहीची परीक्षाच घ्यायचं ठरवलं. वरची एक नोंद काढली. अष्टमीचा दिवस, अकरा वीस, ओळ अर्ध्यात तुटलेली. म्हणजे वीज गेली होती. मामींनी आठवलं, गेली होती खरी, अडईच्या डोशांचं पीठ मिक्सरमध्ये अर्धंच वाटून राहिलं होतं, जेवायला एक वाजला. योगायोग, असं त्या म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. गिरीशनं आणखी एक काढली. त्याच्या आधीचा शुक्रवार. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी लावलं, पाच चौदाला बंद केलं.

मामींनी दार लागलेलं आहे ना ते बघून घेतलं. मग म्हणाल्या, "ती मी. शेषम्माच्या नातीचं खरं वय बघायचं होतं."

"पहाटे पाचला?"

"झोप येईना." त्यांनी पदर सारखा केला. "हे सगळं लिहून ठेवतं?"

"सगळं."

"न विचारता?"

"न विचारता."

मामींनी मशीनकडे बघितलं. आतापर्यंत त्या नजरेनं त्या फक्त वेंकूबाईकडे बघत. मग स्टूल दोन बोटं मागे सरकवलं.

आता पाळी गिरीशची होती. त्याच्या मनात एक विचार मघापासून घोळत होता, आणि तो सोयीचा होता. रजिस्टर नाहीसं झालं तर कुणाचा फायदा? ज्यांची पत्रिका वाईट त्यांचा. किंवा जिनं ती पत्रिका बदलली तिचा. पहाटे पाचला उठून पोरींची वयं तपासणारी बाई आणखी काय काय करत असेल, कुणी सांगावं. त्याचे तीन मुळात पाच किंवा सहाच असतील तर?

"पूजेच्या दिवशी चार ते साडेचार तुम्ही कुठं होता?" त्यानं विचारलं.

"तू मला विचारतोस?"

"मी सगळ्यांनाच विचारतोय."

"इथं दोघंच आहोत."

झोपाळ्याची कडी एकदा करकरली.

"कोलू बघायला गेले होते," मामी म्हणाल्या.

"कुणाकडे?"

मामींनी तोंड उघडलं, आणि मिटलं. गिरीशलाही त्याच क्षणी आठवलं. मामी त्याच्याच घरी होत्या. चारला आल्या, पाचला गेल्या. त्याच्या आईनं नवरात्राच्या कोलूसाठी मांडलेल्या बाहुल्यांच्या सात पायऱ्यांसमोर बसून त्यांनी पायऱ्या वाकड्या आहेत असं सांगितलं, आणि गिरीशनं स्वतःच्या हातानं त्यांना द्रोणातून उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल दिलं होतं. मीठ कमी आहे, असं त्या म्हणाल्या. त्यानं मीठ आणून दिलं. आता जास्त झालं, असं म्हणाल्या. हे सगळं बरोबर त्याच चोवीस मिनिटांत झालं होतं. जगात दुसरं कुणी मानो न मानो, त्या चोवीस मिनिटांत गिरीशनं काही केलेलं नाही हे शपथेवर सांगू शकणारी एकच बाई होती, आणि ती त्याच्या मागे स्टुलावर बसली होती.

दोघांनी एकदमच झोपाळ्याकडे बघितलं. झोपाळा थांबलेला होता. पेपर मात्र वर होता, आणि त्याचं तेच क्रिकेटचं पान गिरीशला गेला अर्धा तास दिसत होतं.

"छे," मामी म्हणाल्या. आरोपीला वाचवायला धावणारा त्यांचा हा आवाज गिरीशनं कधी ऐकला नव्हता. "त्यांना मोबाइलचा टॉर्च बंद करता येत नाही. गेल्या आठवड्यात तसाच पेटता खिशात घेऊन बँकेत गेले. आणि मशीनला पासवर्ड आहे. तो तुला ठाऊक आणि मला ठाऊक."

हे खरं होतं. गिरीश पुन्हा नोंदवहीकडे वळला. मशीन लागल्यावर काय झालं ते ओळीनं वाचू लागला. चार वाजून नऊ मिनिटं, पासवर्ड चुकला. चार अकरा, चुकला. चार चौदा, पुन्हा चुकला. चार सतराला बरोबर आला.

"मामी, पासवर्ड काय ठेवलाय तुम्ही? मी दिलेला तुम्ही बदलला होता ना?"

"आमच्या लग्नाची तारीख."

"चौथ्या वेळेला जमलीय."

मामींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा आधी हलला नाही. मग त्या स्टुलावरच सावकाश वळल्या, जशी मंदिरातली जड घंटा वळते, आणि त्यांनी पेपराला विचारलं, "तीनदा चुकली?"

पेपर खाली आला. चोराला तारीख एकतर ठाऊक असते किंवा नसते. तीनदा चुकून चौथ्यांदा आठवते ती फक्त नवऱ्याला, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळलं होतं.

"महिना बरोबर होता," भरद्वाजमामा म्हणाले.

"डिस्क कुठाय?"

मामांनी बोट वर केलं. गिरीशला वाटलं, देव असं म्हणतायत. पण बोट माळ्याकडे होतं. "तिसरी पेटी. शेट्टीच्या दुकानाखाली."

शेट्टी म्हणजे मामींच्या कोलूतली शेट्टीची बाहुली, पोट सुटलेला, बायकोशेजारी धान्याचं दुकान मांडून बसलेला, खालच्या पायरीवरचा. पूजेच्या संध्याकाळी मामांनी डिस्कवर लाल कापड टाकून तिचा चौथरा केला होता आणि शेट्टीचं दुकान त्यावर मांडलं होतं. येणाऱ्या बायकांनी कौतुक केलं, यंदा शेट्टी उंच दिसतो. दसऱ्यानंतर बाहुल्यांना झोपवून, कागदात गुंडाळून, मामांनीच पेट्या भरल्या होत्या. आणि एकदा बाहुल्या झोपल्या की पुढच्या नवरात्रापर्यंत पेटी उघडायची नाही, अशी त्या घरची रीत होती. एकदा मामींच्या सासूची सोन्याची नथ चुकून पेटीत गेली, ती वर्षभर तिथंच राहिली आणि सासूबाई वर्षभर तशाच हिंडल्या. मामांनी सगळा विचार केला होता. त्यांच्या हातात एक वर्ष होतं.

गिरीश खुर्चीत टेकून बसला. गुन्हेगार सापडला होता, कबुलीजबाब झाला होता, आणि पुरावा बाहुल्यांबरोबर झोपला होता. फुलवालीला तो काय सांगणार होता? की मामांनी केलं, पण दाखवता येत नाही, पुढच्या ऑक्टोबरात या?

"मामी," तो म्हणाला, "माझं पान."

मामी माळ्याकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते; देवीशी बोलणं चाललं असावं, किंवा सासूशी. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "काढा खाली. पण बाहुल्या उठता कामा नयेत."

म्हणून भर सकाळी अकराला त्या घरातल्या खिडक्या लावल्या गेल्या, पंखा बंद झाला, आणि तिघंही पावलं न वाजवता चालू लागले. गिरीशनं पेटी उतरवली. मामींनी तिचं झाकण हाताच्या रुंदीइतकं उघडलं आणि खुणेनं सांगितलं, हात घाल, डोकावू नको. गिरीश कागदाच्या गुंडाळ्या चाचपू लागला. कृष्ण लागला, मग बहुधा हत्ती, मग एक गोल पोट. मामी त्याच्या कानात कुजबुजल्या, शेट्टी असेल, त्याला हळू. पोटाखाली थंड, चौकोनी, वायरीचं भोक असलेली डिस्क होती. त्यानं ती बाहेर ओढली तेव्हा आत काहीतरी खुट्ट वाजलं. तिघंही श्वास धरून थांबले. काही झालं नाही. मामींनी झाकण लावलं आणि त्यावर दोनदा थोपटलं.

डिस्क जोडण्याआधी मामींना एक शंका आली. त्यांना शंका यायच्या थांबल्या असत्या तर गिरीशला काळजी वाटली असती. डिस्क नव्हती हे ठीक, त्या म्हणाल्या, पण मग मशीननं तिच्याशिवाय सुरू व्हायला काय हरकत होती? घरात एक माणूस नसलं म्हणून बाकीचे जेवत नाहीत काय?

खोटं बोलायला ही जागा चांगली होती. मामींना काही कळलं नसतं. गिरीशनं मानेमागे खाजवलं.

"ते मी केलं होतं," तो म्हणाला. "ही डिस्क जुनी आहे, जागी व्हायला वेळ लावते. दीड मिनिटात ती आली नाही तर मशीन घाबरून काळा पडदा दाखवायचं. तुम्ही मला रोज फोन करायचात. मग मी त्याला लिहून दिलं की ही येईपर्यंत थांब. कितीही वेळ."

"म्हणजे अडकवलंस तूच."

"अर्धं."

"अर्धं मी," मामा झोपाळ्यावरून म्हणाले. या भांडणात कुणीतरी त्यांना भागीदार दिला, याचं समाधान त्यांच्या आवाजात होतं.

गिरीशनं ती ओळ बदलली. अर्धा मिनिट थांब, नाही आली तर तिच्याशिवाय पुढं जा. मग डिस्क जोडली, मशीन लावलं. ठिपके फिरले. डिस्कनं आतून गुरगुर केली. ठिपके थांबले आणि पडदा उजळला. मामींनी मशीनला हात जोडले, ते गिरीशला जोडल्यासारखे दिसू नयेत म्हणून जरा डावीकडे वळून.

आणि प्रोग्रॅम उघडला. त्याला एक सवय होती, शेवटची जोडी होती तिथूनच उघडायची. ही सवयही गिरीशनंच लावली होती. त्याला आता आपण लावलेल्या सगळ्याच सवयींची भीती वाटू लागली. पडद्यावर दोन नावं होती. भरद्वाज. अंबा. खाली दहा ओळी, आठ ओळींपुढं रिकामं. दहापैकी दोन. स्थळ योग्य नाही.

गिरीशनं पडदा आपल्या अंगानं झाकायचा प्रयत्न केला, पण तो बारीक होता.

मामींनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. आकडा तोच राहिला.

"तुमच्या आईनं आमच्या घरी आठ सांगितले होते," त्या म्हणाल्या.

"तुझ्या बाबांनी आमच्या घरी नऊ सांगितले," मामा म्हणाले. "आई त्या दिवशी गप्पच बसली. तिला वाटलं, आपलाच एक मोजायचा राहिला."

"अडतीस वर्षं झाली. आता का बघायला गेलात?"

मामा झोपाळ्याच्या कडीकडे बघत बोलले. "गिरीशचे तीन आले तेव्हा तू म्हणालीस, तिनात संसार होत नाही. म्हटलं, आपले किती ते तरी बघावं. तुम्ही सगळ्या कोलू बघत हिंडत होता, दुसरा दिवस मिळाला नसता."

"आणि लपवलंत का? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तू रोज सकाळी मशीनमधली जोड्यांची यादी बघतेस," मामा म्हणाले. "सहाच्या खालची जोडी काढून टाकतेस."

गिरीशनं पडद्यावरचं गंध नखानं खरवडायला घेतलं. हे काम तातडीचं होतं अशातला भाग नव्हता. त्याला आता उठून जाता आलं असतं. मशीन सुरू झालं होतं, मामींसमोर तो सुटला होता. पण तीन घरांत त्याचं नाव गेलं होतं, आणि तीन घरं म्हणजे संध्याकाळपर्यंत तीस. आपण सुटलो हे जगाला कळायला मामा अडकले हे कळावं लागणार, आणि मामा का अडकले हे विचारल्याशिवाय ती तीन घरं राहणार नाहीत. मग दहापैकी दोनचा आकडा गल्लीभर फिरणार, आणि तोही लग्न जुळवणाऱ्या बाईचा. त्यानं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा झोपाळ्यावर बसलेला माणूस दिसला, लग्नाचा महिना बरोबर आठवणारा.

मामींनी फोन उचलला. त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. एका कानानं ऐकलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"शेषम्मा, मी अंबा. मशीन सुरू झालं. गिरीशनं दुरुस्त केलं. त्याचा काही दोष नव्हता, सकाळी बोलले ते विसर. त्याचं पान जागेवर आहे. ... नाही, बिघाड नव्हता. मी केलं होतं. पूजेच्या दिवशी मी मशीन लावलं."

गिरीशनं मान वर केली. झोपाळ्याची कडी करकरली. शेषम्मा, जी श्रद्धांजली सभेतही थांबत नसे, ती पलीकडे गप्प झाली. मामींनी एवढंच सांगून फोन ठेवला आणि दुसरा लावला. महालक्ष्मीनं एकदाच "अय्यो" म्हटलं, पण ते एकदाच म्हणायला तिला बराच वेळ लागला. पुढची चार वर्षं तरी गावातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला हा विषय निघणार होता, पूजेच्या दिवशी दुधाची पिशवी न वाचणाऱ्या बाईनं मशीन लावलं म्हणून. मामींना हे गिरीशपेक्षा जास्त माहीत होतं.

तिसरा फोन वेंकूबाईला. वेंकूबाई गप्प झाली नाही.

"पण लावलंस कशाला, अंबा? पूजेच्या दिवशी?"

"पत्रिका बघायची होती."

"कुणाची?"

"आमची. माझी आणि ह्यांची. अडतीस वर्षं झाली, म्हटलं एकदा बघावं."

"मग? किती जुळले?"

मामींनी पडद्याकडे बघितलं, मग झोपाळ्याकडे. मामा उठून उभे राहिले होते. बसावं की बाहेर जावं हे ठरत नसल्यासारखे.

"तेवढ्यात मशीन अडकलं ना," मामी म्हणाल्या.

पलीकडून वेंकूबाईचा विश्वास न बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तिनं विचारलं, गिरीश तिथंच आहे काय, मग त्यालाच विचार, हल्ली मशीनं सगळं लिहून ठेवतात म्हणे. मामींनी फोन गिरीशपुढं धरला. हात पुढं होता, डोळे मात्र दुसरीकडे.

"नाही, वेंकूमावशी," गिरीश म्हणाला. "पोरुत्तम लॉगमध्ये येत नाहीत."

आणि हे अक्षरशः खरं होतं.